वही आत्याला, जमीन दादाला?

आजी गेल्यापासून तिची स्वयंपाकाची वही कुणाकडे असावी, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर वाद चालू आहे. वही सध्या माझ्याकडे, जर्मनीत हानोफरला आहे. आजीनंच ती मला दिली, कारण नातवंडांत वर्षाची चटणी घरी करणारा मीच. नातेवाइकांचं म्हणणं दोन तऱ्हांचं. काहींना वाटतं, पोराला वही कशाला, नातीला नाहीतर नातसुनेला द्यायची. थोरल्या मंडळींचं म्हणणं वेगळं, आणि त्यामागे माया आहे: आत्यानं जमिनीवरचा हक्क सोडला, तिच्या हाती काहीच आलं नाही, तर निदान आईची वही तरी तिला द्या.

आत्यानं वही मागितली तर मी पुढच्या विमानानं ती घेऊन येईन. पण जमिनीच्या बदल्यात, वाटा म्हणून वही देणं मला मान्य नाही.

आधी वहीबद्दल सांगतो. खाकी कव्हर घातलेली, शिवण सुटलेली दोनशे पानी वही. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावातल्या घरात ती फळीवर तेलाच्या बरणीमागे असायची. सुरुवातीच्या पानांवर मापं शेर-पायलीत, पुढे किलोत. कांदा-लसूण चटणीचं पान तर मिरचीच्या हातांनी लालच झालंय: संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला, सुकं खोबरं, तीळ, धने, खडा मसाला सगळं वेगवेगळं भाजायचं, कांदा चिरून उन्हात वाळवून मगच तळायचा, लसूण डंकावर अगदी शेवटी घालायचा. इथे ऊन भरवशाचं नाही, म्हणून मी कांदा ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवतो. आजीला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिनं ते वहीत लिहून घ्यायला लावलं.

लिहून घेतलं कुणी? आत्यानं. आजीला दिसेनासं झाल्यावर पुढची सगळी पानं आत्याच्या अक्षरात आहेत. शिवाय प्रत्येक पदार्थाखाली तो कुणाचा हे आजी लिहायची: थोरल्या जाऊबाईंचा, शेजारच्या काकींचा. हुलग्याच्या शेंगोळ्यांखाली लिहिलंय, ‘लेकीनं बार्शीहून आणले’. म्हणजे या वहीत आत्याचे कष्ट आणि तिच्या सासरचं ज्ञान आधीपासूनच आहे. जे तिनंच घडवलं, ते तिला वाटा म्हणून कसं देता येईल?

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. 1994 साली राज्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेदही काढला. त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही आजोबांचं वर्षश्राद्ध होण्याआधीच आत्याला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, हे खरं आहे. तीच म्हणाली, ‘मला काय करायचीय जमीन? माहेरचा उंबरा तेवढा राहू दे.’ भावाशी वाकडं आलं तर दिवाळीला जायचं कुठं, ही धास्ती ज्या सहीमागे असते, ती सही राजीखुशीची होती असं मी म्हणू शकत नाही.

इथे जर्मनीत काय आहे? आईवडिलांनी मृत्युपत्रात मुलाला वगळलं, तरी कायद्यानं त्याला जो हिस्सा मिळाला असता त्याच्या निम्मी किंमत तो रोखीनं मागू शकतो. लेकीनं ती मागितली म्हणून तिचं माहेर तुटत नाही असं मी म्हणणार नाही. वारसाहक्काची भांडणं इथेही घरं फोडतात. आणि इथली माणसं आपल्याहून शहाणी आहेत असंही नाही. 1977 पर्यंत इथल्या विवाहित बाईला संसाराची जबाबदारी सांभाळूनच नोकरी करायची मुभा होती, आणि तसं कायद्यातच लिहिलेलं होतं.

पण गावाकडे सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा, लेकींना वाटा दिला तर शेताचे तुकडे होतील, त्याचं एक उत्तर मी राहतो त्या नीडरसाक्सन राज्यात मिळतं. इथल्या आणि आणखी तीन राज्यांतल्या शेतीसाठी वेगळा वारसा कायदा आहे. शेत एकाच वारसाकडे जातं, बाकीच्या भावंडांना तो पैसे देतो. पूर्वी त्यात मुलग्याला पसंती होती. 1963 मध्ये घटना न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. ही भरपाई बाजारभावाच्या मानानं फारच कमी असते, आणि त्याबद्दल इथल्या बहिणींची तक्रार असते ती रास्तच आहे. तरी शेत अखंड राहिलं आणि बहीण रिकाम्या हातानं गेली नाही, एवढं तरी त्यातून साधतं. आपल्याकडे तुकडे होतील म्हणून बहिणीनं सगळंच सोडायचं, आणि दोन भावांत तेच शेत वाटताना मात्र तुकड्यांची आठवण कुणालाच येत नाही.

‘तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय,’ असं चुलत्यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. शेत बाबा कसतात, विहिरीचं कर्ज त्यांनी फेडलं, आजीचं आजारपण त्यांनी आणि आईनं काढलं. हिशेबात हे धरलंच पाहिजे. पण मग आत्या महिना महिना बार्शीहून येऊन आजीजवळ राहायची, तेही धरा.

पोराला वही कशाला, याला माझं उत्तर सोपं आहे: चटणी जो करतो त्याच्याकडे वही असावी. माझा मुलगा पोळपाटाशी उभा राहून वेडेवाकडे शेंगोळे वळतो. उद्या वही त्याच्याकडे जाईल किंवा त्याच्या बहिणीकडे, ज्याला करायची हौस असेल त्याच्याकडे. इथलं घर मात्र दोघांच्या नावे समान राहील, ते आम्ही नवराबायकोनं लिहून ठेवलंय.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरवता येत नाही. पण आम्हा भावंडांची संमती असेल तर बाबा आत्याच्या नावे बक्षीसपत्र करू शकतात, किंवा जमीन अखंड ठेवून तिला हप्त्यानं पैसे देऊ शकतात. माझी आणि ताईची संमती लेखी पाठवली आहे, पहिल्या हप्त्यात माझा भाग घालायचीही तयारी कळवली आहे. बाबा ‘बघू’ म्हणालेत. आत्याला यातलं अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून या रविवारी मी तिलाच फोन करणार आहे.