‘भरल्या पोटाचं ज्ञान’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. ‘आपलं यश आपण ठरवा’ या लेखात मी म्हटलं होतं की आपल्यासाठी यश म्हणजे काय ते ज्यानं त्यानं वहीत लिहून ठरवावं. त्याखाली आपण लिहिलंत : “हे भरल्या पोटाचं ज्ञान. मराठवाड्यातल्या पोराला आधी नोकरी लागू द्या, मग वह्या भरायला सांगा. लेखक कच्चं मडकं दिसतोय.” शिवाय लेखाच्या लांबीवर, संतांच्या उल्लेखांवर आणि फोटोवरही टोले आहेत.

आधी सुराबद्दल. नामदेवांना तेरला कच्चं म्हटलं गेलं, खरं आहे. पण ती पारख करणारे गोरोबाकाका कुंभार मडकी ठोकायचं थापटणं घेऊन समोर बसले होते, टोपणनावाआडून टोला हाणून पसार झाले नव्हते. टीका जरूर करा, निदान लेख वाचून.

एक मान्य. ‘रोज सकाळी अर्धा तास वही घेऊन बसा’ हे मी सरसकट लिहिलं. ज्या घरात पहाटे धारा काढायच्या असतात तिथं ते जमायचं नाही. आठवड्यातून एकदा बसा, चालेल. झालं?

आता ‘भरल्या पोटाचं’. अहो, वहीचं पहिलं पानच पोटाचं आहे! घराचा महिन्याचा खर्च गुणिले बारा, त्याखाली हातउसने आणि व्याजाचे पैसे. शेकडा तीन रुपये महिन्यानं पन्नास हजार उचलले असतील तर वर्षाला 18,000 रुपये नुसत्या व्याजात जातात. ते फिटेपर्यंत दुसरी कुठलीही ओळ त्याच्यावर चढत नाही. मी सेलूकडचा, जिरायती घरातला माणूस. सावकारी व्याज काय असतं ते मला शिकवू नका.

दुसऱ्या पानावर जे जे हवं ते लिहायचं, पंधरा-वीस ओळी. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न : हे मिळालं आणि भावकीत कुणालाच कळलं नाही, तरी हवंय का? ‘नाही’ आलं की काट. गुंठेवारीतला प्लॉट आणि मोठी गाडी बहुधा इथंच गळतात. उरलेलं तपासता येईल असं लिहायचं. ‘समाधान’ लिहिलंत तर वर्षाअखेर मोजणार काय? ‘रात्रीचं जेवण घरच्यांसोबत’ मोजता येतं. आणि हे निकालाच्या आठवड्यात करू नये, तेव्हा चुलतभावाचे गुणच आपल्या वहीत उतरतात. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, वहीलाही तोच दिवस बरा. तोवर सोयाबीन, हरभरा विकून हाती काय उरलं ते कळलेलं असतं.

‘आधी नोकरी’ म्हणता, तर एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. ही आयोगाची झाली, त्या पोराची कुठली? पहिल्या पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरतानाच थांबायची तारीख, तोवरचा खोली-मेसचा खर्च आणि त्यानंतरचं काम लिहून घरी वाचून दाखवायचं. ‘बघू नंतर’ म्हटलं की मुख्य परीक्षा दोन गुणांनी हुकते आणि पुढचा अटेम्प्ट ते दोन गुणच ठरवतात. गुपचूप लिहिलेली तारीख तर हमखास पुढं सरकते. यात भरलेलं पोट कुठं दिसलं तुम्हाला?

बाकीचं किरकोळ. पैठण, तेर, नरसी, गंगाखेड आमच्याच मुलखात आहेत, तिथल्या संतांची नावं घ्यायला परवानगी लागत नाही. लेख लांब वाटला तर अर्ध्यात सोडायची सोय आहे, आपण ती वापरलेली दिसतेच. फोटोचं काय खटकलं ते समजलं नाही.