अंग दुखणे हे व्यायामाचे माप नव्हे

व्यायामावरच्या माझ्या लेखाबद्दलची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. व्यायामात गोडी हवी हे माझे म्हणणे म्हणजे वाचकांचे लाड आहेत, अंग दुखेपर्यंत कष्ट उपसल्याशिवाय ताकद येत नाही आणि जिने चढण्याला व्यायाम म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे, असे तीन आक्षेप आपण घेतले आहेत. पहिल्यात तथ्य आहे. भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेला नाही तर सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर प्रगती थांबते, ही मुख्य गोष्ट मी लेखात एका ओळीत उरकली होती.

दुखण्याच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखते ते मुख्यतः सवय नसलेल्या हालचालीमुळे, आणि विशेषतः वजन खाली आणताना किंवा जिना उतरताना स्नायू ताणला जात असताना भार पेलतो त्यामुळे. तोच व्यायाम पुढच्या आठवड्यात केला तर दुखणे बरेच कमी होते, पण म्हणून स्नायूला मिळणारी चालना कमी होत नाही.

मेहनत पुरेशी झाली की नाही, हे शेवटच्या आवर्तनांवरून कळते. डंबेल छातीशी धरून बैठका मारताना पहिल्या सहा-सात सहज निघतात. नववी-दहावी मारताना मात्र मनात घाई असूनही वर येण्याचा वेग मंदावतो, मांड्या जड होतात आणि अजून दोनच निघतील असे वाटू लागते. तिथे थांबले तरी ताकद वाढते, प्रत्येक वेळी पार गळून जाण्याची गरज नसते. या शेवटच्या दोन-तीन बैठका सोप्या नसतात, हे मला पूर्ण मान्य आहे. मी ज्या आनंदाबद्दल लिहितो तो कष्ट टाळण्याचा नव्हे. महिन्यापूर्वी जे वजन दहाव्या बैठकीला अडत होते ते आज बाराव्या बैठकीलाही नीट उचलले जाते, हे स्वतःच्या वहीत दिसण्याचा आहे. मी ती वही रोज लिहितो, आणि कंटाळा आलेल्या दिवशी मला तीच उठवते.

आणि ही प्रगती केवळ तरुणांच्या वाट्याला येते असेही नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा भारव्यायाम करून घेतला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

जिन्यांबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हालचाल किमान दहा मिनिटे सलग असावी ही जुनी अट काढून टाकली, त्यामुळे दोन मजले चढणेही आठवड्याच्या व्यायामाच्या हिशेबात धरता येते. पण त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम देण्यास सांगितले आहे, आणि जिने त्याची जागा घेऊ शकत नाहीत. लेखात मी हे दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबल्यामुळे आपला गैरसमज झाला असावा.

मूळ लेखात आज एक दुरुस्ती जोडतो आहे: ठरवलेल्या तिन्ही सेटमध्ये (सेट म्हणजे न थांबता सलग केलेली आवर्तने) सलग दोन सत्रे बारा-बारा आवर्तने नीट निघाली, की पुढच्या सत्रात वजनात उपलब्ध असेल तेवढी सर्वांत लहान वाढ करावी आणि आवर्तने आठपासून पुन्हा मोजायला सुरुवात करावी.