चोरी कुठंही होवो, गाडी पालावरच का जाते?

तालुक्यात घरफोडी झाली की पहाटे पोलिसांची गाडी कुठं जाणार, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गावाबाहेर, गायरानावर, पारध्यांच्या पालावर. ठसे जुळले का, कुणी पाहिलं का, हे सगळं नंतर. आधी तरणी पोरं उचलायची. आई आडवी आली की ‘चौकशीला नेतोय, संध्याकाळी सोडू’ म्हणायचं. पोरगं येतं तीन-चार दिवसांनी, अंगावर वळ घेऊन, आणि स्टेशन डायरीत त्या दिवसांची नोंदसुद्धा नसते.

पोलिसांवर वरून दबाव असतो, माणसं कमी असतात, मान्य. पण खरा चोर मोकळा राहतो आणि ज्याचं घर फुटलं त्याला त्याचं सोनंही मिळत नाही. मग हा तपास कुणासाठी?

पारध्यांत चोर नाहीत असं मी म्हणत नाही. चोर सगळ्या जातींत आहेत. पण मराठा किंवा ब्राह्मण चोर सापडला म्हणून कुणी त्याची सगळी भावकी ठाण्यात आणून बसवत नाही. पारध्याच्या बाबतीत बसवतात, कारण त्याच्या मागं ना जमीन, ना वकील, ना आमदार.

ही नजर इंग्रजांनी कायद्यात आणली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही तेच झालं. बोटांचे ठसे, हजेरी, बाहेर जायचं तर पास. या जमातींना डांबून ठेवायच्या सोलापूरच्या वसाहतीला, म्हणजे सेटलमेंटला, तारेचं कुंपण होतं. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची तरतूदसुद्धा होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो. पुढं १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जात नाही, व्यक्ती आहे. पण ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातली यादी जुनीच राहिली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. त्याच निकालात पोलिसांनाही बजावलं आहे की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. २०२० मध्ये याच न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावा, चित्रण शक्यतो अठरा महिने आणि निदान वर्षभर जपा, असा आदेश दिलाय. हे निकाल पालावर कोण वाचून दाखवणार?

पत्रकार मित्रांनाही हात जोडून सांगतो, ‘पारधी टोळी जेरबंद’ हा मथळा बंद करा. बाकी कुठल्या टोळीची जात तुम्ही छापता? त्या मथळ्यामुळं आश्रमशाळेतल्या पोरांना दुसऱ्या दिवशी वर्गात काय ऐकावं लागतं, ते एकदा जाऊन विचारा.

इथून पुढं पालावरून कुणाला उचलल्याचं कळलं की मी ठाण्यात जाणार आहे. अटकेचा मेमो केला का, घरच्यांना कळवलं का, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं केलं का, एवढंच विचारायचं आहे. एकट्यानं विचारलं तर हाकलून देतील. तालुक्यातल्या वकील मंडळींपैकी कोण सोबत येतंय, खाली नाव टाका.