गेममधला पेंट मोकळा का असतो?

मासेमारी बंद झाली की मालवणच्या जेटीजवळचा आमचा कट्टा दुपारपासूनच भरतो. होड्या वर ओढून झाकलेल्या, किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी बंद, समोर खवळलेला दर्या. परवा विषय निघाला एनबीए टूकेचा, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए लीगवरच्या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमचा, आणि दोनदा चहा झाला तरी संपला नाही.

सुरुवात बाबूने केली. बास्केटबॉल आपल्याला ह्या गेमनेच शिकवला, असं त्याचं ठाम म्हणणं. "कंट्रोलरचं एल-वन बटण दाबून धरलं की सेंटर, म्हणजे आपला उंच गडी, येऊन स्क्रीन लावतो, माझ्या डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतो. मग बघायचं, डिफेंडर स्क्रीनच्या वरून येतोय की खालून. खालून गेला तर तिथूनच शॉट. वरून आला तर आत घुसायचं. दोघेही अंगावर आले तर रिंगकडे सुटलेल्या सेंटरला पास. टीव्हीवर मॅच बघताना हे माझ्या लक्षातच येत नसे."

बाळा जिल्ह्याकडून खेळलेला. तो उसळला. "अरे, तू बटणा दाबतंस! बॉक्स आऊट करताना, म्हणजे रिंगखाली समोरच्याक पाठीन अडवताना, त्याचो भार पाठीर येता, तो खंय असा तुझ्या गेमात? थय दोन खेळाडू एकमेकांक चिकटले काय ठरलेलीच हालचाल सुरू होता. तुझ्या हातात काय रवता?"

ह्या मुद्द्यावर बाळाचं खरं आहे. अंगाला अंग लागलं की गेम आपल्या हातातून सुटतो आणि ती हालचाल पुरी होईपर्यंत नुसतं बघत बसावं लागतं. पण डोळा तयार होतो हे बाबूचं म्हणणंही मला पटतं. स्क्रीन कधी सोडायची, कोपऱ्यातला शूटर मोकळा का राहिला, हे मीसुद्धा ह्याच गेममध्ये पहिल्यांदा पाहिलं.

मग बाळाने जे काढलं ते मला फार मोलाचं वाटलं. बाबू आत घुसतो तेव्हा पेंट, म्हणजे रिंगखालचा रंगवलेला चौकोन, मोकळा का मिळतो? कारण एनबीएत बचाव करणाऱ्याला, जवळच्या कुणाला धरून नसेल तर, पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. २००१ पर्यंत तिथे झोनला, म्हणजे माणूस न धरता जागा वाटून घेऊन केलेल्या बचावाला, बंदीच होती. ती उठवली तेव्हाच हा नियम आणला. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतात, आणि फिबात तो नियमच नाही. उंच पोरगा रिंगखाली खुशाल ठाण मांडून बसतो. "समोरच्यान झोन लावल्यान काय तुझो ड्राइव्ह खलास," बाळा म्हणाला. तीन पॉइंटची रेषाही वेगळी, एनबीएत समोरून ७.२४ मीटर, आपल्याकडे ६.७५. क्वार्टर तिथे बारा मिनिटांचं, इथे दहाचं. गेमवर वाढलेली पोरं मैदानात येतात ती एनबीएचा खेळ डोक्यात घेऊन, ही त्याची खरी काळजी. तो शाळेच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे हे त्याला रोज दिसतं.

बाबू यावर गप्प झाला. मग मी माझी तक्रार मांडली, ती व्हीसीची. २०१३च्या आवृत्तीपासून हे आभासी चलन आलं. करिअर मोडमध्ये आपला खेळाडू साठच्या आसपास रेटिंगने सुरू होतो. वर न्यायचा तर खेळत राहा, नाहीतर खरे पैसे भरून व्हीसी घ्या. सिम्युलेशन म्हणवणाऱ्या खेळात पाकीट बघून जम्प शॉट सुधारावा, ह्याची मला मनापासून चीड येते. पुन्हा दोन-एक वर्षांत प्रत्येक आवृत्तीचे सर्व्हर बंद होतात, आणि ऑनलाइन जे कमावलं ते गेलंच.

"पण दुसरो पर्याय खंय?" बाळाने विचारलं. नाहीच. ईए कंपनीच्या एनबीए लाइव्ह गेमची कन्सोलवरची शेवटची आवृत्ती २०१८मध्ये आली, त्यानंतर मैदान टूकेवाल्यांना मोकळं. शेजारी दुसरं दुकान असतं तर भाव असा लागला नसता.

बाबू मात्र हार मानेना. त्याने २०२३च्या आवृत्तीतला एराज मोड काढला. १९८३, १९९१ किंवा २००२पासून लीग सुरू करायची. त्या काळचे संघ, त्या काळचे नियम. १९८३मध्ये तीन पॉइंटचे शॉट किती कमी मारले जात ते हातात कंट्रोलर असताना कळतं. ह्यात व्हीसीचा प्रश्नच नाही. मला विचाराल तर हाच ह्या गेमचा जीव आहे: इंटरनेट बंद, दोन कंट्रोलर, शेजारी मित्र, आणि तास-दीड तास चालणारी पूर्ण मॅच. पाच मिनिटांच्या क्वार्टरमध्ये खेळाडू दमत नाहीत, बदली कुणाला घ्यायचं हा पेच पडत नाही, मग सिम्युलेशन कसलं? स्लायडर हलवून शॉट कठीण करा, दमणं वाढवा, मग बघा.

बाळा थोडा वेळ पावसाकडे बघत होता. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरलेलं, सप्टेंबरपर्यंत तिथे पाय ठेवायची सोय नाही.

"ता तीन सेकंदांचा बंद करूक येता काय?" त्याने अचानक विचारलं.

"येतं," बाबू म्हणाला. "नियमांत जाऊन बंद करायचं. क्वार्टर दहा मिनिटांचं पण होतं."

"आणि झोन?"

"दोन-तीन लाव, तीन-दोन लाव."

"मगे रविवारी पोरांक घेऊन येतंय तुझ्याकडे," बाळा म्हणाला. "आठ जणां आसत. आवशीक सांगून ठेव."