दोन फटके द्या, पोपटासारखा बोलंल

काल संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभा होतो, म्हैस पिळून होईस्तोवर गप्पा, विषय पेपरातल्या घरफोडीचा. एकजण म्हणाला, "दोन फटके द्या की मर्दा, पोपटासारखा बोलंल." सगळ्यांच्या माना हलल्या. पूर्वी माझी पण हलायची, खोटं कशाला बोलू.

माझे मामा हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यांना हे वाक्य ऐकलं की राग यायचा. म्हणायचे, पोपट शिकवलेलंच बोलतो.

आणि मुळात पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालतच नाही, 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष अधिनियमात ते 23 झालं, एवढाच फरक. आरोपीच्या सांगण्यावरनं चाकू, दागिना असं काही सापडलं तर तेवढ्यापुरतं बोलणं धरतात, त्यासाठीच तो निवेदन पंचनामा, म्हंजे ते सांगणं पंचांसमोर लिहून घेतात. मग मारून काढलेली कबुली कुणासाठी? पेपरच्या हेडिंगसाठी. 2017 ला गुरुग्रामच्या शाळेत पोराचा खून झाला तेव्हा बस कंडक्टरनं कबूल केलं म्हणून पोलिसांनी सांगितलं होतं, टीव्हीवर लोकांनी त्याला फाशी पण देऊन टाकली, पुढं सीबीआयला त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही आणि 2018 ला तो केसमधनं सुटला.

मामा काय करायचे तर खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे, "त्या दिवशी सकाळपासनं काय काय केलंस सांग बाबा" म्हणायचे आणि गप्प. मधे तोंड घालायचं नाही, हेच लई अवघड असतंय म्हणे. मग तासाभरानं, आता रात्रीकडनं सकाळकडं उलटं सांग. पाठ केलेली गोष्ट तिथं अडकते. (मामी म्हणायची, घरी पण हेच करतात.) पण घाबरलेला खरा माणूससुद्धा अडखळतो, म्हणून तेवढ्यावर निकाल नाही, पंपावरची पावती, मोबाईलचं लोकेशन सगळं ताडून बघायचं. आणि खऱ्या चोरालाच माहीत असंल अशी एक तरी गोष्ट आपल्याजवळच ठेवायची. "खिडकीतनं शिरलास ना?" विचारलं की घाबरलेला माणूस हो म्हणणारच, मग तो जबाब त्याचा का तुमचा?

एवढं सांगितलं तर दुसरा म्हणतोय, मग नार्को करा, म्हंजे गुंगीचं औषध देऊन बोलतं करा. अरे, 2010 लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, माणसाच्या संमतीशिवाय नार्को नाही. त्याच कोर्टानं डिसेंबर 2020 ला पोलीस ठाण्यात, चौकशीच्या खोलीत पण कॅमेरे लावा म्हणून आदेश दिला, त्यावर कट्ट्यावर कुणी बोललं नाही.

शेवटी ठरलेला प्रश्न, "तुझ्या घरी चोरी झाली म्हंजे कळंल."

झालीय की. माझी गाडी गेली होती, एका ठाण्यात एका पोरानं कबूल पण केलं, खोलून पार्ट भंगारात विकले म्हणाला. मी पण त्याला चार शिव्या घातल्या. तीन महिन्यांनी गाडी मिरज स्टेशनच्या पार्किंगमधे मिळाली, अख्खी, धुळीनं भरलेली, डिकीत माझा रेनकोट घडी केलेला तसाच.