अंबारीचा हत्ती आणि असईचा हत्ती

पुण्याच्या जुन्या बाजारात काही वर्षांपूर्वी मी ब्रिटिश पलटणीच्या टोपीवरचा एक बिल्ला विकत घेतला. चांदणीच्या आकाराचा पत्रा, त्याच्या मधोमध बिगुल, बिगुलाच्या वेटोळ्यात ‘एच.एल.आय.’ ही गुंफलेली अक्षरे, वर मुकुट, आणि अगदी तळाशी करंगळीच्या नखावर मावेल एवढा हत्ती, ज्याच्या डोक्यावरच्या फितीत इंग्रजीत ‘असाये’ असे लिहिलेले. म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातली असई, जिथे 1803 मध्ये इंग्रज शिंद्यांच्या फौजांशी लढले. घासाघीस न करता पैसे मोजले आणि घरी आल्यावर लक्षात आले की वस्तू नकली आहे. एच.एल.आय. म्हणजे हायलँड लाइट इन्फन्ट्री या स्कॉटिश पलटणीच्या साध्या शिपायाचा हा बिल्ला पांढऱ्या धातूचा असे. माझा पितळी होता. शिवाय ठशाखाली दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा खोलगट उलटा ठसा दिसतो. माझ्या बिल्ल्याची पाठ सपाट आणि खरबरीत, म्हणजे सरळसरळ ओतकाम होते. दोष विक्रेत्याचा थोडा, माझ्या उतावळेपणाचा जास्त.

त्याहून मोठी चूक मी आधीच करून बसलो होतो. कॉलरवर हत्ती लावणाऱ्या ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंट’च्या एका सैनिकाचे छायाचित्र पाहून मी मित्रांना ठामपणे सांगितले होते की हा असईचा हत्ती. तर्क बिनतोड वाटत होता: असईची लढाई जिंकली आर्थर वेलस्लीने, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याच्याच नावाची पलटण, आणि वर हत्ती. प्रत्यक्षात त्याचे नाव धारण करणारी 33 वी पलटण असईत नव्हतीच. तिला ते नाव मिळाले 1853 साली, आणि 1881 च्या पुनर्रचनेत ती 76 व्या पलटणीशी जोडली गेली तेव्हा 76 व्या पलटणीचा हत्ती या नव्या संसारात आला. ही 76 वी पलटण 1803 मध्ये उत्तरेत जनरल लेकच्या हाताखाली शिंद्यांच्या फौजांशी अलीगड, दिल्ली आणि लासवारी येथे लढली होती. तिच्या हत्तीच्या पाठीवर अंबारी आहे आणि त्याच्यासोबतचा शब्द ‘हिंदुस्तान’ आहे. युद्ध तेच, शत्रूही तोच, पण रणांगण शेकडो मैल दूरचे.

म्हणूनच माझे मत असे झाले आहे की बिल्ल्यावरून पलटण ओळखणे ही चित्र जुळवण्याची कला नसून साल विचारण्याची सवय आहे. कोणतेही चिन्ह पाहिले की पहिला प्रश्न ‘हे कोणाचे?’ हा नसावा. ‘हे 1881 च्या आधीचे की नंतरचे?’ हा असावा. त्याआधी पायदळाच्या पलटणींना क्रमांक होते आणि लाल डगल्याची कॉलर व बाह्यांच्या टोकांच्या पट्ट्या यांचा रंग हीच त्यांची खरी ओळख होती. 1744 च्या सुमारास हॉवर्ड नावाच्या दोन कर्नलांच्या दोन पलटणी एकाच सैन्यात होत्या. घोटाळा नको म्हणून एकीला पट्ट्यांवरून ‘हिरवे हॉवर्ड’ म्हणू लागले आणि ते नाव पुढे अधिकृत झाले. 1881 नंतर मात्र सरसकट नियम आला: ‘रॉयल’ पलटणींना निळा, इतरांपैकी इंग्लंड-वेल्सच्या पलटणींना पांढरा, स्कॉटलंडच्या पिवळा, आयर्लंडच्या हिरवा. त्यामुळे जो रंग आधी एका पलटणीचे नाव सांगत होता, तो नंतर फक्त तिचा मुलूख सांगू लागला. (पलटणींना हे मुळीच रुचले नाही, आणि काहींनी आपले जुने रंग पुढे झगडून परत मिळवले.)

कृष्णधवल छायाचित्रात रंगही हाती लागत नाही. तिथे राजाच्या पाच पायदळ गार्ड्स पलटणींपुरता एक उपाय फार सुंदर आहे: डगल्यावरची बटणे किती-कितीच्या गटाने लावली आहेत ते मोजा. एकेकटी असतील तर ग्रेनेडियर, जोडीने असतील तर कोल्डस्ट्रीम, तीन-तीन असतील तर स्कॉट्स, चार-चार असतील तर आयरिश, पाच-पाच असतील तर वेल्श.

आपल्याकडच्या चित्रांत आणि मालिकांत असईच्या मैदानावरचा प्रत्येक लाल डगला हा गोरा सोजीर असतो, याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. वेलस्लीच्या पायदळात गोऱ्यांच्या पलटणी दोनच होत्या, 74 वी आणि 78 वी. बाकीचे पायदळ मद्रासच्या देशी शिपायांचे होते आणि त्यांचेही डगले लालच होते. 74 व्या पलटणीच्या पट्ट्या पांढऱ्या, 78 व्या पलटणीच्या फिकट बदामी. एवढा तपशील चित्रकाराने सांभाळला तर कोण कुठे उभा होता हे न सांगता कळेल.

हा तपशील आपल्यालाच का हवा, तेही सांगतो. वेलस्लीच्या उजव्या टोकाची तुकडी वाट चुकून असई गावाच्या दिशेने सरकली, तिच्यामागे 74 वी पलटणही गेली आणि शिंद्यांच्या तोफांच्या व घोडदळाच्या तावडीत सापडली. तिचे जवळपास सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. नेहमीच्या दोन निशाणांखेरीज ईस्ट इंडिया कंपनीने या पलटणीला हत्तीचे तिसरे मानाचे निशाण दिले, ते या दिवसासाठी. सहज मिळालेल्या विजयासाठी कोणी तिसरे निशाण देत नाही. मराठी तोफखान्याचे याहून रोखठोक प्रशस्तिपत्र मला तरी माहीत नाही, आणि ते शत्रूच्या हातचे आहे.

74 वी पलटण 1881 मध्ये हायलँड लाइट इन्फन्ट्रीत गेली, ती 1959 मध्ये रॉयल हायलँड फ्युझिलिअर्समध्ये आणि ती 2006 मध्ये रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाली. नावे एवढी बदलली, तरी या शेवटच्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनकडे असईचे निशाण आजही आहे, आणि 23 सप्टेंबर हा लढाईचा दिवस तिथे पाळला जातो. माझा पितळी हत्ती मी टेबलावरच ठेवला आहे. खोटा असला तरी त्याच्या पाठीवर अंबारी नाही, हे त्याने बरोबर सांभाळले आहे.