संथ आहे, पण कंटाळवाणा नाही

‘सनलेस सी’ या अंधाऱ्या समुद्रात बोट चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये बोट फार हळू चालते म्हणून गेम कंटाळवाणा, हे त्याच्यावरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. अहो त्या हळू चालण्यातच तर सगळी भीती आहे! दिवा लावला की इंधन भराभर संपतं, विझवला की टेरर, म्हणजे बोटीवरच्या भीतीचा १०० पर्यंतचा आकडा, चढत जातो, मी एकदा इंधन वाचवायला अंधारातच निघालो, टेरर ८० च्या पुढे गेल्यावर घाबरून दिवा लावला तर लंडनच्या, म्हणजे गेममधल्या घरच्या बंदराच्या, थोडं अलीकडेच टाकी रिकामी, मग खायचं संपलं, मग खलाशी एकमेकांकडे बघायला लागले... पुढचं सांगत नाही.

हां, आपला कॅप्टन मेला की नवा कॅप्टन घेऊन त्याच गोष्टी परत वाचाव्या लागतात, ते मात्र २०१५ मध्येही डोक्यात जायचं आणि आजही जातं.